उजव्या सांध्याची माशी

३ एप्रिल

दंतमहर्षी,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार घालायची रीत आहे. पण तुमचे फोटो पाहिल्यावर प्रेम उरलं नाही आणि नमस्कार कशाला करायचा ते सुचेना. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

तुम्ही विचारता, या माश्या कोणत्या? पहिल्या फोटोत माशी नाहीच, पान आहे. दुसऱ्यात एक डोळा आहे. डोळा सुरेख आहे, हिरवा, त्यात तांबूस झाक, सराफाने काचेखाली ठेवावा असा. पण बाकीची माशी कुठे गेली? तिसरा पाहून मात्र मी खुर्चीतून उठलोच. अहो, या माश्यांना लांबपायी माश्या म्हणतात. पाय लांब असतात म्हणून म्हणतात. नराच्या पायावरचे केस, झुपके, पट्टे पाहून निम्मी ओळख पटते. आणि तुम्ही सगळे पाय चौकटीबाहेर ठेवलेत! माणसाचा फोटो काढताना डोकं ठेवता की तेही कापता?

फोटोच्या मागे तुम्ही पेन्सिलीने नावही लिहिलंय, आणि खाली लिहिलंय की निसर्गप्रेमींच्या कुठल्याशा संकेतस्थळावर बावीस लोकांनी या नावाला सहमती दिली. माशीचं नाव ठरवायला निवडणूक कधीपासून लागते? अंगाला हिरवी चमक आणि पंखांवर दोन काळे पट्टे दिसले की ही मंडळी डोळे मिटून एकच नाव ठोकतात. तशा दिसणाऱ्या माश्या किती आहेत हे त्या बावीस जणांना माहीत असतं तर ते घाबरून घरी गेले असते. पंखातली शीर कुठे वळते, पाठीच्या टोकावरच्या त्रिकोणी तुकड्यावर राठ केस किती, हे दिसल्याखेरीज मी तोंड उघडत नाही. आणि माद्यांचे फोटो मुळीच पाठवू नका. त्या एकमेकींसारख्या दिसतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

आपण दोघं साडू समोरासमोर बसलो की जेवणाची ताटं अर्ध्यावर उचलावी लागतात, म्हणून आमची ही आणि तुमची धाकटी, या दोघी बहिणींनी आपल्याला पत्रांवर ठेवलं. पत्रांतूनही असाच छळ चालणार असेल तर मला जेवण परवडेल. पडद्यावरची चित्रं मी बघत नाही म्हणून तुम्ही फोटो छापून पाठवता, तेवढा एक शहाणपणा तुमच्या नावावर मांडून ठेवतो.

माशीवाला


१२ एप्रिल

माशीमहाराजांच्या चरणी,

तुमचं पत्र धाकटीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाऊजींची तब्येत छान दिसते, बोलणं अगदी ठणठणीत आहे."

फोटोवरून ओळख पटत नाही म्हणता? आमच्याकडे एका कारखान्याला आग लागली होती, तेव्हा पोलीस मला घेऊन गेले. आईला आपला मुलगा ओळखता आला नव्हता, तो मी त्याच्या दाढांच्या फोटोवरून ओळखला. त्या आईने माझे हात धरले होते. तेव्हा फोटो म्हणजे पोरखेळ, हे मला शिकवायच्या भानगडीत पडू नका.

राहिले पाय. तुम्ही जन्मभर टाचणीवरची माशी पाहिलीत. ती आपली बिचारी कुठे जाणार? जिवंत माशी एकदा पाहा. पानावर उन्हाच्या तुकड्यात उभी असते, पुढून उंच, मान ताठ, सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तुम्ही उभे होतात तशी. नर मादीपुढे पाय उचलून हलवतो आणि ती ढुंकून बघत नाही. माझा कॅमेरा दातांसाठी घेतलेला, भिंगाभोवती गोल दिवा. दिवा लकाकतो न लकाकतो तोच ती उडालेली असते. दाढेपुढे हा कॅमेरा उत्तम चालायचा, कारण दाढ उडत नाही. त्यामुळे डोळा मिळाला, हेच नशीब समजा.

हो, वाढदिवसाची आठवण निघालीच आहे तर सांगतो. माझ्या धंद्याला तुम्ही चारचौघांत सुतारकाम म्हणालात, ते मी विसरलेलो नाही. तुम्ही काय करता? मेलेल्याला नाव ठेवता.

दवाखाना बंद केल्यापासून धाकटी मला सकाळी घराबाहेर काढते. घरामागे नाला आहे, काठाला चिखल आणि रुंद पानांची झाडं, तिथे मी आणि या माश्या. नवे फोटो सोबत आहेत.

एक विचारायचं होतं. ताईंनी फोनवर धाकटीला सांगितलं की संग्रहालयातली तुमची माश्यांची खोली काढून घेतायत. तुम्ही काही बोलला नाहीत. खरं आहे का?

सुतार


२१ एप्रिल

दंतमहर्षी,

आमच्या हिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

खरं आहे. आमचे नवे संचालक पूर्वी मोठमोठी दुकानं चालवायचे. संग्रहालयात ते वाट चुकून आले आणि त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. माझ्या खोलीला रस्त्याकडे खिडकी आहे, म्हणून तिथे कपबश्या, टोप्या आणि कापसाने भरलेले डायनासोर विकायचे ठरलंय. माश्यांची कपाटं गावाबाहेरच्या गोदामात. मी ते गोदाम पाहून आलो. भिंतींना ओल आहे. टाचलेल्या माशीला ओल लागली की बुरशी चढते, आणि बुरशीतून वाचलीच तर बारीक किडे लागून भुकटी होते. टाचणी आणि चिठ्ठी तेवढी राहते. माझ्या आधी दोन माणसांनी आपली आयुष्यं त्या कपाटांत घातली, मग मी माझं घातलं. निवृत्त होऊनही मी रोज जातो, कारण कपाटांत औषधाच्या गोळ्या बदलणारं दुसरं कोणी नाही.

४ जूनला विश्वस्तांची सभा आहे. मला बोलायला बोलावलंय. संचालक हसून म्हणाले, "तुमच्या खोलीत नवीन असं काय आहे ते सांगा, म्हणजे विचार करता येईल." या माणसाला माशी आणि मनुका शेजारी ठेवल्या तर तो मनुका हाकलेल. त्याला मी काय नवीन सांगू?

जळलेल्या मुलाचं लिहिलंत, ते वाचून मी थोडा वेळ पत्र खाली ठेवलं. पण तुमच्याच उदाहरणात तुम्ही सापडलात. त्या मुलाच्या दाढांचे जुने फोटो तुमच्याकडे होते, म्हणून ताडून पाहता आलं. माश्यांचं ताडून पाहायला जे लागतं ते माझ्या कपाटांत आहे. ते गेल्यावर तुमचे बावीस जण कशाशी ताडणार? एकमेकांच्या अकलेशी?

नवे फोटो जुन्यांइतकेच टाकाऊ आहेत. नराच्या पोटाचं टोक खाली दुमडून पुढे आलेलं असतं, खरी ओळख तिथे असते. तो भाग स्वच्छ दिसेल असा एक तरी फोटो काढून दाखवा, मग बोलू. तुम्हाला जमणार नाही.

माशीवाला


२ मे

माशीमहाराज,

सोबत एकच फोटो. पोटाकडून, नर, दुमडलेल्या टोकासकट. माशी पानाच्या खालच्या अंगाला बसली होती. पाय सहाही आहेत, मोजून घ्या.

सुतार


९ मे

प्रिय डॉक्टर,

फोटो मी भिंगाखाली पाहिला. मग खोलीचं दार लावून घेतलं आणि पुन्हा पाहिला.

तुम्हाला कळेल असं लिहितो. या माश्यांच्या नराचं जे टोक पोटाखाली दुमडलेलं असतं, ते पोटाला जिथे जोडलेलं असतं तो सांधा एका बाजूला सरकलेला असतो. डाव्या बाजूला. जाड असो, बारीक असो, कुठल्याही देशातली असो, डावीकडेच. मी हजारो नर पाहिले, उजवीकडचा सांधा पाहिला नाही, कुणी पाहिल्याचं वाचलं नाही. तुमच्या फोटोतल्या नराचा सांधा उजवीकडे आहे. पंखातली शीर दिसते, पाय दिसतात, सगळं स्वच्छ आहे. असा फोटो मी दुसरा पाहिलेला नाही, हे मला मान्य करावं लागतं.

पण फोटोवर नाव देता येत नाही. माशी हातात हवी. ती तुमच्या नाल्याकाठी आहे. मी जाळी घेऊन येतो. ४ जूनच्या आधी एक नर मिळाला तर तो डबीत घालून सभेत टेबलावर ठेवीन. म्हणावं, नवीन विचारलं होतं ना? हे घ्या. जगात कुठे नाही असं, आणि ताडून पाहायला सगळी कपाटं माझ्या खोलीत. मग ती खोली काढायची हिंमत कोणाची होते ते बघतो.

माझा गुडघा बरा नाही, तरी येतो. धाकटीला त्रास होणार असेल तर स्पष्ट कळवा. तोवर तो भाग कोणाला साफ करू देऊ नका. संकेतस्थळावर फोटो टाकू नका. डॉक्टर, ही मी तुम्हाला विनंती करतो आहे.

आपला,
माशीवाला


१४ मे

भाऊसाहेब,

'प्रिय डॉक्टर' वाचून मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा पाहिला. म्हटलं, शेजारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र चुकून आमच्याकडे आलं की काय.

या. धाकटीला आनंद आहे, थोडी धास्तीही आहे. बाहेरची खोली रिकामी केली आहे. नाला जसाच्या तसा आहे, रोज सकाळ-संध्याकाळ फेरी मारतो. माझे रबरी बूट तुम्हाला येतील.

तुमचा,
डॉक्टर (तुम्हीच म्हणालात)


११ जून

भाऊसाहेब,

तुम्हाला गाडीत बसवून आलो, त्यानंतर हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता न फाडता पाठवतो.

तो फोटो आरशातला आहे.

तोंडात वरच्या दातांचा फोटो सरळ घेता येत नाही. म्हणून आम्ही तोंडात लांबट आरसा धरतो आणि आरशातलं चित्र टिपतो. ते उलटं येतं, म्हणून नंतर ते सुलटं करून ठेवायचं, नाहीतर डावी दाढ उजवी दिसते. दवाखान्यात या कामात माझी एकदाही चूक झाली नाही. नाल्याकाठी पाठ वाकत नाही म्हणून पानाखालच्या माश्यांसाठी तोच आरसा वापरतो, आणि घरी येऊन फोटो सुलटे करतो. हा एक करायचा राहिला. आरशाची कड कोपऱ्यात आली होती ती वाईट दिसते म्हणून कापून टाकली, आणि मग मलाही आठवलं नाही की हा आरशातला. तुमची माशी साधी आहे. तिचा सांधा डावीकडेच आहे.

हे मला तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या रात्री कळलं. तुम्ही झोपलात, मी कॅमेऱ्यातला मूळ फोटो काढून बसलो, तुम्हाला भिंतीवर लावायला मोठा छापून द्यावा म्हणून. कोपऱ्यात आरशाची कड. सकाळी सांगायचं ठरवलं. सकाळी तुम्ही माझे बूट घालून दारात उभे होतात आणि म्हणालात, "डॉक्टर, चला, ऊन पानांवर आलंय." लग्न झाल्यापासून तुम्ही मला कुठे चला म्हणाला नव्हतात. मी चष्मा घेतला आणि निघालो.

मग रोजच तसं होत गेलं. तुम्ही जाळी मारायचात, मी डब्या उघडून धरायचो, तुम्ही भिंगातून बघायचात आणि "डावा" म्हणायचात. किती डावे निघाले! प्रत्येक वेळी मला वाटे, आता सांगावं. पण तुम्ही मला शिरा दाखवत होतात, केस मोजायला लावत होतात. मी बरोबर मोजले की "हं" म्हणत होतात. मला त्या 'हं'ची चटक लागली. म्हातारपणी, एवढा मोठा दवाखाना चालवून झाल्यावर, एका 'हं'साठी मी तुम्हाला चिखलात उभं ठेवलं.

सभेच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "तुम्हाला निघायला हवं." तुम्ही म्हणालात, "माशी मिळाली की सभा आपण बोलावू." तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. दुसऱ्या दिवशी तिकडे सभा झाली आणि तुम्ही इथे नाल्यात.

काल ताईंचा फोन आला. खोली गेली, तुमची बाजू मांडायला कोणी नव्हतं, असं कळलं. तुम्ही सभेला गेला असतात तर वाचली असती. माझ्या गप्प बसण्यामुळे तुमची खोली गेली. धाकटी माझ्याशी बोलत नाही आणि ते योग्यच आहे. तुम्हीही बोलू नका, पण चार ओळी शिव्या तरी पाठवा. काहीच नाही आलं तर मला सोसणार नाही.

तुमचा साडू


१९ जून

दंतमहर्षी,

शिव्या मागवून घेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. घ्या.

आरशाचं मला पहिल्याच सकाळी कळलं. माझ्यादेखत तुम्ही तो लांबट आरसा पानाखाली सरकवलात, त्यात कॅमेरा रोखलात आणि मोठ्या ऐटीत म्हणालात, "आमच्या धंद्यातली युक्ती आहे." मी हातात जाळी घेऊन तुमच्या मागे उभा होतो. आरशात डावा हात उजवा होतो हे बालवाडीतल्या पोराला कळतं. तुम्हाला दुसऱ्या रात्री कळलं. तुमच्या मानाने लवकर.

लाज मला वाटायला हवी होती, आणि वाटली. फोटोवर विश्वास ठेवणाऱ्यांना मी जन्मभर मूर्ख म्हणत आलो. त्या बावीस जणांनी निदान एका साध्या माशीला चुकीचं नाव दिलं. मी न जन्मलेल्या माशीला देणार होतो. ते सगळे एका बाकावर बसले तर शेवटी माझ्यासाठी जागा ठेवावी लागेल, आणि बाक लहान पडेल.

आता तुम्ही विचाराल, मग त्याच दिवशी परत का नाही गेलो? सभेला भरपूर अवकाश होता. सांगतो, कारण हे मी आमच्या हिलाही सांगितलेलं नाही. हातात माशी असती तर मी त्या टेबलापुढे ताठ उभा राहिलो असतो. माशी नाही म्हटल्यावर माझ्याकडे बोलायला एकच गोष्ट उरली होती, की कृपा करून ही कपाटं ओलीत टाकू नका. कापसाचे डायनासोर विकणाऱ्या माणसापुढे हात जोडून 'कृपा करून' म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मला तुमच्या नाल्यात उभं राहणं सोपं वाटलं. तुम्ही गप्प होतात, माझ्या सोयीचं होतं. तुम्ही तोंड उघडलं असतंत तर मला निघावं लागलं असतं. म्हणून तर मी रोज सकाळी तुमच्या आधी बूट घालून तयार असायचो, तुम्हाला बोलायला फुरसत मिळू नये म्हणून. 'डावा' असं मी इतक्या गंभीरपणे म्हणत होतो, तुम्हाला एकदाही शंका आली नाही. धन्य आहे.

राठ केस मात्र तुम्ही बरोबर मोजत होतात. त्यात नाटक नव्हतं.

परवा कपाटं गेली. दोघा हमालांनी ती आडवी घालून ट्रकमध्ये चढवली. मी म्हटलं, "उभी न्या हो, आत टाचण्या आहेत." त्यांतला एक म्हणाला, "आजोबा, आत आहे काय?" मी म्हटलं, "माश्या." ते दोघं इतके हसले की एकाच्या हातून कड सुटली. त्यांचं काही चुकलं नाही. आडव्या कपाटात माश्या टाचणीवरून निखळून एकीवर एक पडल्या असणार, पाय तुटले असणार. लांबपायी माशीचा पाय केसाहून बारीक असतो. ते पुन्हा जोडणारं कोणी नाही. ट्रक गेल्यावर मी रिकाम्या खोलीत गेलो, तर संचालक रंगाऱ्याला भिंत दाखवत होते. मला म्हणाले, "बसा ना." बसायला काही नव्हतं.

घरी आल्यावर ही म्हणाली, "धाकटीकडे इतके दिवस राहिलात, भांडलात का?" मी म्हटलं, वेळ मिळाला नाही. ते खरं आहे, आणि मला त्याचं नवल वाटतं.

मी सभेत गेलो असतो, चार शब्द नम्रपणे बोललो असतो, तर खोली राहिली असती का? त्यांतला एक विश्वस्त म्हातारा आहे, त्याचा बाप फुलपाखरं टाचायचा, तो बहुतेक वळला असता. हे मला नाल्यात उभा असतानाही माहीत होतं.

तेव्हा तुमच्या पत्रातलं ते वाक्य मागे घ्या. म्हणे, माझ्या गप्प बसण्यामुळे तुमची खोली गेली! केवढा हा गर्व! माझं एवढं मोठं नुकसान करण्याची तुमची ऐपत नाही, कधी नव्हती. एका आरशाने आणि एका दाताच्या डॉक्टराने माझी खोली जात नसते. ती मी घालवली. तिघांच्या जन्माचं काम मी हात जोडायला लाजलो म्हणून घालवलं, पूर्ण शुद्धीवर, तुमचे बूट घालून. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी अशी स्वतःच्या हाताने मोडली आहे, आणि तिच्यात तुम्हाला भागी मिळणार नाही.

धाकटीला सांगा, तुमच्याशी बोलायला लागावं.

तुमचा थोरला साडू